आम्ही रंग टाकून आलो

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातली मंडळी केरळ-काशी करून येतात आणि वार्षिक अंकात लिहितात. यंदा मलाही आग्रह झाला. वऱ्हाडात दोघं इतके दिवस राहून आलात, तर तिकडचं खाणंपिणं, हवापाणी आम्हालाही कळू दे, असं अंकाचं काम बघणारे गृहस्थ म्हणाले. हवा म्हणाल तर फाल्गुनातच भट्टीची. पाणी माठातलं, गार आणि गोड. खाण्याचं पुढे सांगतेच. पण हा प्रवास आनंदाचा नव्हता हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला बोल लावायला नको.

आम्ही दोघं कराडची. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते आणि हे साखर कारखान्यात केमिस्ट. आमची एकुलती एक लेक मीनल पुण्याला शिकायला गेली आणि तिथून अमरावतीचा मुलगा पसंत करून आली. एवढ्या लांब द्यायची म्हणून मी कुरकुरले होते. तेव्हा ह्यांनी नकाशा पसरून दाखवला की गोंदियाची गाडी आपल्या कराडवरून जाते आणि थेट बडनेऱ्याला उतरवते, मग लांब कसलं. त्याच गाडीने आम्ही कितीदा तरी गेलो-आलो. गेल्या श्रावणात मीनलला कावीळ झाली आणि ती लिव्हरवर गेली. तेव्हाही आम्ही त्याच गाडीने गेलो, पण त्या जाण्याला प्रवास म्हणत नाहीत.

मागे राहिले आमचे जावई अमोलराव, त्यांची आई आणि आमची नात सई. सई पहिलीत आहे. माघ सरता सरता अमोलरावांचा फोन आला. होळीला या, आई म्हणते तुम्ही दोघं आल्याशिवाय आमच्याकडे होळी व्हायचीच नाही, असं ते म्हणाले. फोन ठेवून मी रडले. लेक गेली तरी माणसं आपल्याला धरून आहेत, असं वाटलं. ह्यांनी त्याच संध्याकाळी तिकिटं काढली, होळीला पोचायचं आणि पाडवा करून निघायचं अशा बेताने. सईसाठी बाजारातून चांगल्यातला कोरडा रंग आणला, कारण आमच्याकडे रंग खेळतात तो रंगपंचमीला. तिकडे वेगळं असेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मीनल असताना आम्ही होळीला कधी गेलोच नव्हतो, दिवाळीला तीच यायची.

अमरावती

होळीच्या सकाळी बडनेऱ्याला उतरलो. अमोलराव न्यायला आले होते. शर्ट दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा अंगावर ढगळ झाला होता. रस्त्याच्या कडेच्या कडुलिंबांना तांबूस पालवी फुटलेली आणि खाली सगळा पाचोळा. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते तरी रिक्षाची दांडी हाताला चटका देत होती. हे म्हणाले, आमच्याकडे वैशाखात असं असतं. अमोलराव नुसतं हसले.

आमच्या विहीणबाई कमलताई, उंच, हाडापेराने मोठ्या. व्याही जाऊन कैक वर्षं झाली. दारातच मला न्याहाळून म्हणाल्या, "लय वाळल्या तुमी." त्यांचं बोलणं हे असं. पहिल्या पहिल्यांदा मला लागायचं, तेव्हा मीनल समजावायची, आई, शब्द ऐकू नकोस, वाढताना हात बघ. खरंच, वाढताना त्यांचा हात थांबत नाही.

सई धावत आली आणि कमरेला मिठी मारून म्हणाली, "आजी, मी रोज बाबाले इचारतो, आजी कदी येते म्हणून." तिकडे बायकासुद्धा 'मी जातो, मी करतो' म्हणतात. ह्यांनी चेष्टा केली, आमची नात मुलगा झाली की काय. सगळे हसले. मी मात्र हसले नाही. मीनलने तिला हौसेने 'मी जाते, मी येते' शिकवलं होतं. मागच्या दिवाळीपर्यंत फोनवर सई तसंच बोलायची. त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत आईची बोली पोरीच्या जिभेवरून उतरून गेली.

घर स्वच्छ होतं, पण सणाचं नव्हतं. आमच्याकडे होळीला पुरणाशिवाय चूल थंड होत नाही. इथे वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, बस. तळणाचा वासही नाही. विहीणबाई म्हणाल्या, श्रावणापासून घरात कढई चढवली नाही. आपल्याकडेही वर्षभर गोडधोड करत नाहीत, तेव्हा त्यात मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते गाठ्यांचं. साखरेच्या गाठ्या आपण पाडव्याला गुढीला बांधतो. तिकडे त्या होळीला लेकरांच्या गळ्यात घालतात. गल्लीतली सगळी पोरं गळ्यातली माळ चोखत हिंडत होती आणि आमची सई गजाच्या खिडकीतून बघत होती. ह्यांनी एका पोराची गाठी हातात घेऊन उजेडात धरली आणि साखर बरी आहे पण पाक पुढे गेलाय, असा निकाल दिला. सईला गाठी का नाही आणली, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी समोर होळी पेटली तेव्हा आमच्या दारातून कुणी बाहेर गेलं नाही.

विहीणबाई त्या दिवशी मला जरा अवघडलेल्या दिसल्या. सारख्या आमच्या तोंडाकडे बघायच्या, काहीतरी बोलायला यायच्या आणि पदर सावरून आत जायच्या. मला वाटलं, आमचा पाहुणचार नीट होत नाही म्हणून संकोच वाटत असेल.

धुळवड

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत एकच गिल्ला. बादल्या, पिचकाऱ्या, पोरांची तोंडं ओळखू येईनात. आपल्याकडे धुळवडीला मटणाच्या दुकानापुढे रांग असते; रंगाचं कुणी नाव काढत नाही. इथे धुळवड हाच रंगाचा दिवस. आमच्या घराला मात्र कुणी हात लावत नव्हतं. रंगलेली पोरं आमच्या फाटकाशी आली की पळणं थांबवून चालत पुढे जायची. सई पुन्हा खिडकीत. तिने काही मागितलं नाही, रडली नाही. मला तेच बघवेना, आणि ह्यांना तर मुळीच बघवेना.

हे उठले, पिशवीतली ती रंगाची पुडी काढली आणि सईच्या दोन्ही गालांना बोटं लावली. पोरीचं तोंड असं फुललं की विचारू नका. त्या भरात ह्यांनी शेजारी उभ्या असलेल्या अमोलरावांच्या कपाळालाही बोट लावलं. या, तुम्हीही या, काय हो सुतक्यासारखे उभे, असंच काहीतरी बोलले असतील. त्यांची जीभ अशीच आहे, मागचापुढचा विचार न करणारी.

त्याबरोबर अमोलराव वाकले आणि ह्यांच्या पायांवर डोकं ठेवून उठेचनात. विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या, त्या तिथेच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी घाबरले. मग त्या माझ्याकडे आल्या, माझ्यापुढे कपाळ केलं. मी आपलं त्यांच्याही कपाळाला लावलं.

जणू कुणी बाहेर कान लावून बसलं असावं. फाटक वाजलं आणि एकेक करून शेजारीपाजारी आत आले. प्रत्येकाने अमोलरावांच्या कपाळाला गुलाल लावला, विहीणबाईंना लावला, ह्यांना आणि मला हात जोडले. कुणीतरी सईच्या गळ्यात गाठी घातली. विहीणबाईंनी डोळे पुसून कढई चढवली आणि गरम भजी काढली. किती मायाळू माणसं, असं हे मला दोनदा म्हणाले. सई अंगणात ओलीचिंब नाचत होती. मीनल गेल्यापासून पहिल्यांदा मी त्या दिवशी हसले, आणि भजीही मागून घेतली.

तिसऱ्या प्रहरी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. शेजारच्या गच्चीवर शमीमभाभी बाजेवर शेवया वाळवत होत्या. मीनलची आणि त्यांची चांगली मैत्री होती. ईद जवळ आली होती, भाभींचा रोजा होता, तरी माझा घामाघूम चेहरा बघून त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला. मग म्हणाल्या, "अच्छा किया, आपा. तुमी स्वतः येऊन रंग टाकला. आता अमोलचं लग्न होऊन जाईन. अकोटवाले तर कवापासून थांबले होते."

कसलं लग्न, मी विचारलं. भाभींच्या लक्षात आलं की मला काहीच ठाऊक नाही. त्या बिचाऱ्या फार गांगरल्या, पण मी सोडलं नाही तेव्हा सगळं सांगितलं. तिकडे मयत झालेल्या घरी पहिल्या होळीला सोयऱ्यांनी येऊन रंग टाकावा लागतो. रंग पडला की दुखवटा उठला. मग घरात तळण, सण, शुभकार्य, सगळं मोकळं. घरची सून गेली असेल तर तो रंग तिच्या आईबापांनी टाकायचा. अमोलरावांसाठी अकोटची एक मुलगी सांगून आली होती. मीनलचे आईवडील रंग टाकत नाहीत तोवर या घरात ती गोष्ट काढायची नाही, असं विहीणबाईंनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

म्हणजे आपण होळीला आलो नव्हतो. आपल्या लेकीची जागा आपल्या हाताने रिकामी करून द्यायला आलो होतो, आणि तीही हसत हसत, भजी खात. तांब्या माझ्या हातातच राहिला.

मी खाली येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. पेपर तसाच धरून बसले आणि पान काही उलटेना. मी मात्र सरळ स्वयंपाकघरात गेले आणि विहीणबाईंना तोंडावर म्हटलं की तुम्ही आम्हाला फसवून बोलावलंत. त्या खाली शेगडीपुढे बसल्या होत्या, हातातला झारा थांबला.

"तुमाले मालूमच नव्हतं काय?"

आमच्याकडे असलं काही नसतं, मी म्हटलं. त्यांचा चेहरा पार उतरला. फोनवर एवढंच सांगितलं की समोरच्याला समजतं, असं त्यांना वाटलं होतं. तिकडे कुणालाही समजलं असतं. आम्ही मोठ्या मनाने आलो असं समजून त्या कालपासून आमचे पाय धरायच्या बेतात होत्या.

"तुमी नाई म्हणा," त्या म्हणाल्या. "मी आत्ताच्या आत्ता अकोटवाल्याईले नाई सांगतो. पोरगी तुमची गेली. तुमच्या तोंडून नाई आलं तर या घरात दुसरी येनार नाई. मी मरेपर्यंत सईले पाहीन." मग म्हणाल्या, "पन आधी तिले पाहून या."

नाही हा शब्द माझ्या अगदी ओठांवर होता. तो मी तसाच ठेवला, कारण त्यांनी 'मरेपर्यंत' म्हणताना गुडघ्यावर हात दाबून उठायचा प्रयत्न केला आणि त्यांना उठता आलं नाही.

अकोट

रंगपंचमी झाल्यावर आम्ही दोघंच एसटीने अकोटला गेलो. अमोलराव आले नाहीत, त्यांनी तिला पूर्वी कधीतरी एकदाच पाहिलं होतं आणि मन कशातच नव्हतं त्यांचं. परतवाड्यापर्यंत संत्र्याच्या बागा. आडव्या-उभ्या हिरव्यागार, आणि उत्तरेला सातपुडा निळसर धुरकट. पळस पेटलेले होते. मी कोरडेपणाने बघत होते. मीनलने एकदा म्हटलं होतं की आई, पळस बघायला ये, मी म्हटलं होतं येईन पुढच्या वर्षी. अंजनगावच्या पानमळ्यांचं नाव मी ऐकून होते, ते बसमधून ओझरते दिसले. अशा उन्हात पानवेल जगते कशी, हा प्रश्न मला पडला आणि ह्यांना विचारायचं मन झालं नाही. धुळवडीपासून आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोलत नव्हतो.

अकोटच्या स्टँडवर उतरलो आणि ह्यांना भोवळ आली. रसवंतीवाल्याने बाकावर आडवं केलं, मानेला ओला गमछा गुंडाळला आणि रसाचा पेला हातात दिला. अर्धा पेला पोटात गेल्यावर हे म्हणाले, ऊस तोडून बरेच दिवस झालेत, साखर उतरलीय. तेव्हा मी ओळखलं की माणूस शुद्धीवर आला. रसवंतीवाला म्हणाला, काका, आमच्याकडे ऊसच एवढ्या लांबून येतो, आमचा मुलूख कापसाचा. खरंच, गावात शिरताना जिनिंगच्या रस्त्याकडेच्या बाभळींना जागोजाग कापूस लटकलेला होता.

तिचं नाव वंदना. भावाच्या घरी पुढच्या खोलीत शिवणक्लास चालवते. पस्तिशीची असेल. पहिलं लग्न मोडलं, नवरा हात उगारायचा, मूलबाळ नाही. भाऊ-भावजय आम्हाला बसवून, चहा देऊन आत गेले आणि ती समोरच्या स्टुलावर बसली. मी दोष शोधायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. चहा फार गोड केला होता. आवाज मोठा होता. नाकीडोळी मीनलच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. हे सगळं मी मनात जमा करत बसले.

तिने आमच्या पाया पडायची घाई केली नाही. म्हणाली की दुसरेपणाच्या बाईने गळ्यात पहिलीचा टाक घालायचा असतो, चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईचा ठसा. ते मलाही माहीत होतं, आपल्याकडेही जुन्या घरांतून घालत असत. ती म्हणाली, "सोनाराकडे तयार भेटतात. एकच साचा. सगळ्याईच्या पयल्या बायका एकसारख्या. मले ते कसंतरी वाटलं. ती दिसे कशी, काकू?"

मी फोन काढून फोटो दाखवला. तिने तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. सुंदर होती, बिचारी होती, असलं काही म्हणाली नाही. फोन परत देताना एवढंच म्हणाली, "उंच होती."

ह्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, आमच्या सईचं काय. मग ती नीट सरसावून बसली.

"काका, मी तुमची पोरगी होतो, सईची आई होतो, असं म्हणनार नाई. ते खोटं होईन. पन ती शाळेतून आली का घराले कुलूप नसन. माह्या हातचं उष्टं-खरकटं तिच्या ताटात पडनार नाई. आन् सुट्ट्याइत तिले कराडले न्या. फक्त मले इचारून न्या."

शेवटचं वाक्य मला झोंबलं. माझ्या मीनलच्या लेकीला न्यायला मी या बाईला विचारायचं. तोंडावर सांगायची हिंमत केली तिने. पण परतीच्या बसमध्ये मला उमजत गेलं की गोड बोलणारी असती, आई-आई करून गळ्यात पडली असती, तर मी तिच्यावर एका अक्षराचाही विश्वास ठेवला नसता. राग तसाच राहिला, फक्त नाही म्हणायला कारण उरलं नाही.

नांदगाव खंडेश्वर

अमोलरावांच्या चुलत्यांचं शेत नांदगाव खंडेश्वरला आहे. दुखवटा उठला म्हणून त्यांनी सगळ्यांना रोडग्यांना बोलावलं. रोडगे म्हणजे काय, हे ज्यांनी खाल्लं नाही त्यांना सांगते. गव्हाच्या पिठाचे पदर घालून मोठे गोळे करायचे, आणि शेतातच गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. राख झटकून फोडले की आतून वाफ येते. त्यात तुपाची धार, जोडीला वांग्याची भाजी आणि वरण. आपल्याकडच्या हुरड्यासारखंच हे बाहेरचं, सगळ्यांनी मिळून करायचं जेवण. फक्त हुरडा थंडीतला, आणि हे वऱ्हाडी लोक उन्हाच्या कडाक्यात निखाऱ्यांपुढे बसतात. चव मात्र अशी की मी दीड रोडगा खाल्ला आणि नंतर मला त्याची लाज वाटली.

गहू काढून झाला होता. काळी जमीन भेगाळून मोकळी पडली होती, लांबपर्यंत एकही हिरवं पान नाही. जेवण झाल्यावर हे आणि अमोलराव विहिरीजवळच्या लिंबाखाली बसले होते, मीही गेले. बाकीची माणसं लांब होती. अमोलराव खाली बघून सांगत होते की त्यांच्या मनात लग्न नाही, पण हिवाळ्यात सई तापाने फणफणली, आईला जिना उतरवेना, स्वतः ऑफिसात, आणि डॉक्टरकडे तिला शमीमभाभींनी नेलं. तुम्ही म्हणाल तसं करू, ते म्हणाले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे एरवी एका वाक्यात दहा गोष्टी बोलणारे, त्या दिवशी शब्द शोधत होते.

"अमोलराव, रंग मी टाकला तो न कळता टाकला," हे म्हणाले. "आता कळून सांगतो. तुम्ही लग्न करा."

अमोलरावांनी माझ्याकडे पाहिलं. बापाच्या तोंडून आलं, आता आईच्या तोंडून यायचं राहिलं होतं. मी म्हटलं, करा, पण सईला तुम्ही स्वतः सांगा, गल्लीतून तिच्या कानावर जाऊ देऊ नका. एवढं बोलून मी विहिरीपलीकडे जाऊन उभी राहिले. लेक जन्माला आली तेव्हा दवाखान्यात मी फार ओरडले होते असं सगळे सांगतात. तिथे मात्र तोंडातून आवाज निघाला नाही.

पाडवा

पाडव्याला गुढी उभारली. विहीणबाईंनी पुरण घातलं, आणि वैशाखातली तारीख धरायचं त्याच दिवशी ठरलं. सईला अमोलरावांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली की अकोटची काकू तिला फ्रॉक शिवून देणार आहे, बाहुलीलाही देणार आहे. मग विचारलं, आजी, तू रागावशील का. मी म्हटलं, फ्रॉकवर कशाला रागवू. ती खेळायला पळाली. तिला हे इतकं सोपं गेलं म्हणून देवाचे आभार मानायचे की कपाळ बडवायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

निघायच्या दिवशी बॅगा दारात ठेवल्या. विहीणबाईंनी माझी ओटी भरली, ह्यांना टॉवेल-टोपी दिली. मग त्यांनी विचारलं की तुमच्या घरी रंग कुणी टाकला. आमच्या घरी म्हणजे कराडला. मी म्हटलं, कुणीच नाही. सांगितलं ना, आमच्याकडे तशी रीतच नाही. त्या अवाक झाल्या. लेक तर आमचीच गेली, आणि आमचंच घर तसंच राहिलं, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. लगबगीने आत जाऊन त्या ताटात गुलाल घेऊन आल्या. आम्ही तुमचे सोयरे, तेव्हा हे आमचंच काम, म्हणाल्या.

ह्यांनी मान खाली केली. विहीणबाईंनी त्यांच्या कपाळाला बोट लावलं, आणि ताट घेऊन माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्या मनापासूनच करत होत्या, यात मला जराही शंका नाही.

मी एक पाऊल मागे सरले.

"मला नको, विहीणबाई," मी म्हटलं. "तुमच्या घरात लेकरू आहे, तिथे सण व्हायलाच हवेत. आमच्याकडे आम्ही दोघं म्हातारी. तिचं सुतक एका घरात तरी राहू दे."

त्यांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी बोट पदराला पुसलं, ताट खाली ठेवलं, आणि माझी बॅग उचलून स्वतः रिक्षापर्यंत आणली. मी नको म्हणत असताना, त्या गुडघ्यांनी.

बडनेऱ्याला गाडीला वेळ होता. हे मला बाकावर बसवून पाण्याची बाटली भरायला नळावर गेले. परत आले तेव्हा त्यांची बाटली रिकामीच होती आणि कपाळ धुतलेलं होतं.